पाइपाला अर्थ आहे ना

दवाखान्यातून घरी आल्यापासून सासूबाई नळाला हात लावत नव्हत्या. पायांत रबरी चपला चढवायच्या, डाव्या हातात लाकडी उलथनं घ्यायच्या आणि त्याच्या दांड्याने नळाची मूठ ढकलत ढकलत फिरवायच्या. पाणी आलं की आधी मागे सरायच्या. मग त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू ओळखीचं कुत्रं आहे आणि एकदा चावून झालंय.

थोरला जावई मोरीच्या दारात उभा राहून हे बघत होता. तो प्लंबर. गल्लीत त्याला पाना म्हणत, कारण मागच्या खिशात पाना असल्याशिवाय तो लग्नालाही जात नसे. स्वतःच्या लग्नातही तो पान्यासकटच उभा होता म्हणतात. आज तो नळाचा वायसर बदलायला आला होता. वायसर चांगला होता. परवा बदलला तोही चांगलाच होता. पण अपराधी माणसाला त्या जागेवर चक्कर मारल्याशिवाय चैन पडत नाही आणि चक्कर मारायला निमित्त लागतं.

"किती करता हो तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तो दुसरा."

पान्याने मान खाली घालून नळ उघडला.

तो दुसरा म्हणजे धाकटा जावई, वायरमन. त्याच्या शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून त्याचं नावही टेस्टरच पडलं. चांगले दिवस होते तेव्हा सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, एका मुलीने पाणी आणलं, दुसरीने वीज आणली, मला काय कमी. साडू-साडूंचं जमायचंही. जमायचं म्हणजे एकमेकांची टर उडवल्याशिवाय दोघांना घास गिळत नसे. टेस्टर म्हणायचा, साडूभाऊंचं काम गळलं तर निदान दिसतं तरी. पाना म्हणायचा, तुझं काम दिसतच नाही, म्हणून तर तुझं फावतं.

आता टेस्टरला या घराचा उंबरा बंद होता.

झालं ते असं. सासूबाईंच्या घराला पाणी आणणारा लोखंडी पाइप गंजून चाळण झाला होता. पान्याने तो रस्त्यापासून भिंतीपर्यंत उखडला आणि तिथे प्लॅस्टिकचा टाकला. भिंतीच्या आतले लोखंडी पाइप बरे होते, ते तसेच ठेवले. काम चोख झालं. फक्त जुन्या पाइपावर, घरात शिरायच्या जागी, एक पट्टी आवळलेली होती आणि पट्टीला तांब्याची एक तार. तार विजेच्या बोर्डाकडून आलेली, जुनी, हिरवी पडलेली. पट्टी पाइपाबरोबर गेली. तार लोंबकळत राहिली.

ही तार कसली, असं सासूबाईंनी विचारलं होतं. पाना म्हणाला, त्याला काही अर्थ नाही.

लोंबकळती तार वाईट दिसते. पाना नीटनेटक्या कामाबद्दल प्रसिद्ध होता. त्याने ती भिंतीतल्या उरलेल्या लोखंडी तुकड्याला तीन-चार वेढे देऊन गुंडाळली आणि वर सिमेंटचा हात फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, तार जागच्या जागी आहे. लोंबकळत सोडली असती तर एखाद्याने विचारलं तरी असतं, ही का लोंबतेय. पण आपल्याकडे कामापेक्षा कामाच्या तोंडाला पावडर लावायची सवय फार.

त्या तारेला अर्थ होता. वायरमन लोक तिला अर्थच म्हणतात, इंग्रजीतला अर्थ, म्हणजे जमीन. यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर माणसाच्या अंगात शिरण्याआधी तिला जमिनीची वाट दाखवायची, एवढंच तिचं काम. जुन्या घरांत ती वाट लोखंडी पाइपातून जायची, कारण पाइप जमिनीत पुरलेला. पाइपाच्या जागी प्लॅस्टिक आलं की वाट बंद. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग ती घरातच कोंडली जाते, आणि घरातले सगळे लोखंडी नळ तिचे.

पाना आयुष्यभर पाइपांत वावरलेला माणूस. अशा पट्ट्या त्याने कितीतरी पाहिल्या होत्या. त्या वायरमनने लावलेल्या असतात, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे थंडी सुरू झाली आणि टेस्टरने सासूबाईंना नवा गीझर आणून बसवला. तार जागेवर दिसली, पण भिंतीवर ताजं सिमेंट बघून त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने पान्याला फोन लावला. पाना तेव्हा कुणाच्या तरी मोरीत उताणा पडून घाण पाणी तोंडावर घेत होता.

"साडूभाऊ, पाइपाला अर्थ आहे ना?"

आणि पाना म्हणाला, "अर्थ आहे म्हणूनच टाकलाय. बिनअर्थाची कामं मी करत नाही, ती तुझ्याकडे."

टेस्टर हसला, फोन ठेवला, बटण दाबलं. गीझर झकास चालला.

मग एक दिवस गीझरच्या पोटातली पाणी तापवायची कांडी तडकली. सासूबाई भांडी विसळत होत्या. ओल्या हाताने त्यांनी नळ धरला आणि नळाने त्यांना धरलं. हात सुटेना. तोंडातून आवाज फुटेना. भांडं पडलं म्हणून त्या दिवशी आईकडे आलेली धाकटी धावत आली आणि नशिबाने तिने आईला हात लावला नाही, आधी मेन स्विच खाली पाडला. वायरमनची बायको ती. सासूबाई वाचल्या. उजव्या तळव्याची कातडी गेली आणि दोन बोटं आत वळली ती वळलीच.

बोट टेस्टरकडेच जाणार होतं, गेलं. गीझर त्याने बसवलेला. धाकटीने शेजाऱ्याकडून गीझर काढून अंगणात टाकायला लावला आणि नवऱ्याला दारातून सांगितलं, की माझ्या आईच्या घरात तुझ्या हातचा एक स्क्रूही नको. ती आईकडेच राहिली. गल्लीला काय, फुकटचा विषय. सासूला करंट देणारा जावई म्हणून लोक हसले आणि हसता हसता आपापल्या कामांना दुसरा वायरमन बघू लागले. टेस्टरने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

पाना त्याला एकदा भेटायला गेला होता. खाली वाकून शटरच्या आत शिरला तर टेस्टर स्टुलावर बसलेला, हातात एक प्लग, तो उघडायचा आणि लावायचा. म्हणाला, साडूभाऊ, झोप नाही. डोळे मिटले की एकेक जोड आठवून बघतो. पाइपाला अर्थ होता, हे तर तुम्ही सांगितलंच होतं. मग माझाच एखादा स्क्रू ढिला राहिला. कुठला, तेवढं आठवत नाही.

हे ऐकून माणसाने तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं. पान्याने उघडलं, आणि म्हणाला, होतं असं कधी कधी. चहा घेतला आणि बाहेर पडला.

लाज वाटते का सांगायला? वाटू दे. चांगली माणसं अशीच वागतात. वाईट माणसाला निदान माहीत असतं आपण काय करतोय. चांगला माणूस चहा घेतो.

तेव्हापासून पाना सासूबाईंच्या घरी वायसर बदलत होता. फुकट. मोरीची जाळी साफ केली, टाकीचा बॉल नवा घातला, न गळणारा नळ बदलला. थोरली, म्हणजे त्याची बायको, गल्लीभर सांगत सुटली, की आमचे हे हाकेसरशी आईकडे जातात. मेहुणीने एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, दाजी, तुमच्यासारखा एक तरी माणूस घरात आहे म्हणून बरं. त्या दिवशी पाना घरी न जाता नुसताच रस्त्यावरून हिंडत राहिला. एकेक कौतुक अंगाला खाजकुयलीसारखं लागत होतं, आणि खाजवायची सोय नव्हती.

एक पळवाट मात्र त्याने मनात रोज घासूनपुसून ठेवली होती. शब्दाचा घोळ. तो अर्थ म्हणाला, मी अर्थ समजलो. मी म्हटलं कामाला अर्थ आहे, त्याने धरलं जमिनीचा अर्थ आहे. अर्थाचा अनर्थ. कुणाचाच दोष नाही, भाषेचा दोष. कधी उघड्यावर आलंच तर हे सांगायचं, लोक हसतील, हळहळतील, सोडून देतील. इतकी सुंदर सबब त्याला आयुष्यात सापडली नव्हती.

गडबड एकच होती. ती खोटी होती.

कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं ते फुटतंच. ते फुटलं शिंप्याच्या घरी. शिंपी सासूबाईंच्याच रांगेत, चार घरं सोडून. त्याने पान्याला रस्त्यात गाठलं आणि हसत हसत तक्रार केली, की तुमचा नळ आमच्या बायकोला गुदगुल्या करतो. मी इस्त्री लावली आणि हिने तिकडे नळ धरला, की हिच्या हाताला मुंग्या येतात. हिला वाटतं मी मुद्दाम करतो.

पाना हसला नाही.  शिंप्याच्या घरचा पाइपही त्यानेच बदलला होता. तिथेही पट्टी होती, तिथेही तार होती, आणि तिथेही त्याने ती छान गुंडाळून वर सिमेंटचा हात फिरवला होता. या घरात टेस्टर कधी आलाच नव्हता. म्हणजे इथे बोट वळायला दुसरं कुणी नव्हतं. आणि फक्त शिंपीच कशाला, त्या रांगेत पान्याचे आणखी पाइप होते. प्रत्येक घरात नळ, प्रत्येक नळावर कुणाचा ना कुणाचा ओला हात.

तो तसाच शिंप्याच्या घरात घुसला, मेन स्विच पाडला आणि सांगितलं, मी येईपर्यंत वर करायचा नाही. शिंपी म्हणाला, अहो गिऱ्हाइकाचे कपडे आहेत. पाना म्हणाला, राहू दे चुरगळलेले. मग तो टेस्टरच्या दुकानाकडे निघाला. वाटेत सबब पुन्हा एकदा मनात घोळवून घेतली, हेही लपवत नाही.

शटर अर्ध्यावरच होतं. पाना वाकून आत शिरला आणि उभ्यानेच बोलायला लागला. शिंप्याचं सांगितलं. पट्टी, तार, प्लॅस्टिक, सगळं सांगितलं. टेस्टरच्या हातातला प्लग थांबला. मग पाना सबबीवर आला. म्हणाला, तू फोनवर अर्थ म्हणालास, तर मला वाटलं...

टेस्टर त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. बुडत्याला काडी दिसावी तसा. त्या नजरेपुढे पान्याने सबब सोडून दिली.

"नाही," पाना म्हणाला. "वाटलं काही नव्हतं. तू काय विचारतोस ते मला कळलं होतं. तार गुंडाळलेली आठवलीही होती. पण खरं सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, येऊन बघा. मला यायचं नव्हतं. म्हणून विनोद केला."

बाहेर रस्त्यावरून हातगाडी गेली. तिचा खडखडाट पार लांब गेला. मग त्याने प्लग खाली ठेवला.

"म्हणजे माझा स्क्रू ढिला नव्हता."

"नव्हता."

"एकही?"

"एकही नाही."

टेस्टरने दोन्ही हात तोंडावर फिरवले. पान्याला वाटलं, आता हा उठेल आणि कानाखाली वाजवेल, आणि वाजवली तर बरं होईल. टेस्टर उठला, पण पिशवी भरायला. तारेचं भेंडोळं, जमिनीत ठोकायची तांब्याची सळई, मोजायचा मीटर. पाठ करूनच तो म्हणाला, "माझं काम मोजायचं, साडूभाऊ. ऐकायचं नाही. मी ऐकलं. त्यामुळे तुम्हाला एकट्याला सगळं घेता येणार नाही, थोडं माझ्यासाठी ठेवा." आणि मग, "आधी शिंप्याकडे. तिथे माणसं मेन पाडून बसलीयत."

शिंप्याच्या दाराबाहेर त्यांनी सळई ठोकली. घण पान्याने घेतला, टेस्टर मागत असतानाही दिला नाही. टेस्टरने तार सळईपासून बोर्डापर्यंत नेली, आतल्या पाइपालाही जोडली, मीटर लावून मोजलं, इस्त्रीची फाटकी वायर बदलली. दोघांत कामापुरते शब्द. धर. सोड. आवळ. पूर्वी एवढ्या वेळात त्यांनी एकमेकांचे पूर्वज काढले असते. पान्याने रांगेतली आपली बाकीची घरं दाखवली. तिथेही मेन पाडून, उद्या येतो म्हणून सांगितलं. एका बाईने विचारलं, का हो, काय झालंय? पाना म्हणाला, माझ्यामुळे झालंय. बाईला काही कळलं नाही. पान्याला मात्र तेवढ्यानेच घाम फुटला, कारण खरं घर तर पुढेच होतं.

सासूबाईंच्या घरी दोघी बहिणी होत्या. थोरली डबा घेऊन आलेली, धाकटी आईच्या बोटांना तेल चोळत बसलेली. टेस्टर उंबऱ्याबाहेरच थांबला, पिशवी पायाशी ठेवून. धाकटीने मान फिरवली.

पाना आत गेला आणि बोलला. शिंपी, तार, फोन, विनोद. विनोद तर शब्दन् शब्द म्हणून दाखवला. एकदा हसण्यावारी नेलेलं वाक्य त्या खोलीत त्याने पुन्हा, शेवटपर्यंत उच्चारलं. सबब सांगितली नाही.

तेल चोळणारा हात थांबला होता. सासूबाई आपल्या वळलेल्या बोटांकडे बघत होत्या, जणू ती बोटं कुणा दुसऱ्याची आहेत आणि ती इथे कशी आली हे आत्ता कळतंय.

थोरली पहिली बोलली. आवाज अगदी हळू.

"मी गल्लीभर तुमचं कौतुक सांगत हिंडले."

 माफ करा म्हणणं सोपं असतं, म्हणून पान्याला ते म्हणवेना.  धाकटी उठली, दारापर्यंत गेली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. तिने खाली वाकून त्याची पिशवी उचलली आणि उंबऱ्याच्या आत आणून ठेवली. टेस्टर पिशवीच्या मागोमाग आत आला.

मग काम झालं. मागच्या अंगणात पान्याने सळई ठोकली. टेस्टरने भिंतीतलं सिमेंट फोडून ती गुंडाळलेली तार बाहेर काढली. वेढे किती सुबक होते. त्याने ते सगळ्यांसमोर सोडवले आणि पान्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पान्याला ते वेढे स्वतःच्या गळ्यावरून सुटतायत असं काही वाटलं नाही. उलट एकेक आवळत गेला. गरम पाइप, थंड पाइप, नव्या कांडीसकट पुन्हा भिंतीवर चढलेल्या गीझरचा पत्रा, तिन्ही एका तारेत बांधून टेस्टरने ती सळईला नेली. वर बोर्डात विजेची गळती लागताच आपोआप पडणारा स्विच बसवला, जो त्याने, त्याच्याच शब्दांत, पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. मोजलं. पुन्हा मोजलं.

"झालं," तो म्हणाला. "आई, आता हात लावा, काही होणार नाही."

सासूबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. डाव्या हातात उलथनं.

"दोघांचंही ऐकून झालंय माझं," त्या म्हणाल्या. मग पान्याकडे वळल्या. "तुम्ही आधी धरा."

पान्याने चपला काढल्या. मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. हात कोपरापर्यंत भिजवले. नळाची मूठ धरली, उजव्या हाताने, सासूबाईंनी धरली होती तशी. समोर बोर्डाशी टेस्टर. त्याचं बोट बटणावर.

टेस्टरने बटण दाबलं नाही. बोट काढलं, मीटर पुन्हा लावला, तिसऱ्यांदा मोजलं. आकड्यात काही बदल होणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. पान्याने डोळे मिटले नाहीत. त्याला एवढंच वाटलं, की आत्ता या माणसाच्या बोटावर माझा जेवढा विश्वास आहे, तेवढाच त्याने त्या दिवशी माझ्या शब्दावर टाकला होता.

"साडूभाऊ, चालू करतोय."

"कर."

टेस्टरने बटण दाबलं. गीझरचा लाल दिवा लागला. काही झालं नाही. नळातून पाणी आलं, आधी थंड, बराच वेळ थंड. मग कोमट. हात काढू का, म्हणून पान्याने सासूबाईंकडे बघितलं.

"अजून धरा," त्या म्हणाल्या.

त्याने धरला. कोमटाचं कढत झालं. वाफ त्याच्या मनगटाला लागू लागली, लोखंडी मूठ तापत चालली, आणि त्याने हात तसाच ठेवला. थोरली एक पाऊल पुढे आली आणि थांबली. टेस्टरने बटण बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई मोरीत उतरल्या. त्यांनी जावयाच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्याच्या तळव्याकडे बघितलं. लाल झाला होता. पाचही बोटं सरळ होती. त्या बोटांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी उलथन्याच्या दांड्याने त्याचा हात नळावरून बाजूला सारला, आणि त्याच दांड्याने ढकलत ढकलत नळ बंद केला.